येळवसीआधीचं ऑपरेशन

१६ डिसेंबर २०२४, सोमवार

आज सकाळी सात वाजून चाळीस मिनिटांनी माझ्या भावाला कलबुर्गीच्या हॉस्पिटलात ऑपरेशन थिएटरच्या दारातून परत आणलं. वेळ मुद्दाम लिहून ठेवते आहे, कारण या लोकांना नंतर काही आठवत नाही.

धनराज रात्रीपासून उपाशी होता. छातीवरचे केस काढलेले, हाताला सुई, अंगात मागून उघडा असणारा तो हिरवा झगा. स्ट्रेचर थिएटरच्या दारापर्यंत गेलं होतं. त्याची बायको दीपमाला भिंतीवरच्या फोटोला हात जोडून उभी होती, आणि फोटो कुणाचा हे तिने पाहिलंसुद्धा नव्हतं. हॉस्पिटलच्या मालकाच्या वडिलांचा होता. तेवढ्यात एक नर्स आली आणि म्हणाली, "केस कॅन्सल." साठीला आलेला माणूस, बीदरमध्ये पंपांचं दुकान चालवणारा, चार लोकांत नाव असलेला. तो केस झाला आणि कॅन्सलही झाला.

डॉक्टर बसवप्रभु दहा वाजता उगवले. बायपास तेच करणार आहेत. चेहरा असा, की जणू आम्हीच उशिरा आलो.

"मॅडम, शुक्रवारी अँजिओग्राफी केली, तेव्हा रक्तवाहिन्यांत एक औषध सोडलं. एक्सरेत नळ्या दिसाव्यात म्हणून सोडतात. त्याचा किडनीवर ताण पडलाय. क्रिएटिनिन चढलंय. आता छाती उघडून मशीनवर घेतलं, तर किडनी बसेल. सात-आठ दिवस थांबू. आकडा खाली येऊ दे."

"येईलच, असं लेखी देता?"

"शरीर लेखी देत नाही, मॅडम."

उर्मट माणूस. पुढे त्याने विचारलं, अंगदुखीच्या, गुडघेदुखीच्या गोळ्या घेतात का? मी नाही म्हणाले. दीपमाला मधेच बोलली, "रोज दोन घेतेत की, अक्का. तुमीच आणून देताव." मी तिच्याकडे पाहिलं, ती गप्प झाली. गुडघ्याची गोळी म्हणजे काही औषध नव्हे. मी स्वतः सहा वर्षं घेते आहे आणि माझी किडनी या डॉक्टरपेक्षा बरी चालते. उगाच त्याच्या हातात निमित्त कशाला द्यायचं?

आठ दिवस थांबणं शक्य नाही. तीस तारखेला येळवस आहे.

येळवस म्हणजे वेळ अमावास्या. आमच्या सीमेवरच्या गावांत त्या दिवशी घराला कुलूप लावून माणसं वावरात जातात. कडब्याची खोपटी, म्हणजे कोप, उभारतात, चुन्याने रंगवलेले पाच दगड पांडव म्हणून मांडतात, लक्ष्मी पुजतात, वावराभोवती ताक आणि ज्वारीच्या पिठाची आंबील शिंपतात आणि वाटेने जाणाऱ्या प्रत्येकाला हाक मारून जेवू घालतात. मुडबीचं आमचं वावर वडील आणि चुलते यांच्यात कधी कागदावर वाटलं गेलं नाही. गाव एकच जाणतं: येळवसीला ज्याच्या हातची पूजा, त्याचं वावर. वडिलांच्या मागे ती पूजा धनराजची. पेरतो चुलतभाऊ अंकुशराव, पण पूजा धनराजची. गेल्या वर्षी धनराजला दम लागत होता म्हणून तो गेला नाही, आणि अंकुशरावाने पूजेचा पाट मांडला. लागोपाठ दुसऱ्या वर्षी त्याने मांडला, की संपलं. मला ती पूजा करता आली असती, तर मी कुणाच्या पाया पडले नसते. पण आमच्या घराण्यात लेकीच्या हातची आंबील वावराला चालत नाही. मी बत्तीस वर्षं इंग्रजी शिकवलं, शेवटची नऊ हेडमिस्ट्रेस होते, माझ्या हातची सही सरकारला चालते. वावराला चालत नाही.

आज-उद्या ऑपरेशन झालं, तर पंचवीसपर्यंत घर, आणि तीसला गाडीत बसवून मुडबी. खुर्चीवर बसून आंबील शिंपायला काय लागतं.

१७ डिसेंबर, मंगळवार

अंकुशराव आला होता. डब्यात ज्वारीच्या भाकरी, शेंगाचटणी आणि तोंडात साखर.

"सुधाक्का, धनुअण्णाला घाई करू नका. डॉक्टर थांबा म्हणायलेत तर थांबा की. येळवसीची पूजा मी अण्णाच्याच नावानं करतो. फोनवर सगळं दाखवतो त्यांना. वावर काय कुठं पळून चाललंय?"

हा माणूस इतका गोड बोलतो, की ऐकणाऱ्याला मधुमेह व्हावा. धनराज मात्र हसला. म्हणाला, "बघ अक्का, मिटलं." काय मिटलं? गेल्या वर्षीही असंच मिटलं होतं.

मी तिप्पण्णाला गाठलं. हॉस्पिटलचा मॅनेजर. आठवीत माझ्या हातचा मार खाल्लेला. केबिनमध्ये शिरले, तर तो खुर्चीतून उठून उभाच राहिला, सवयीने.

"टीचर, डॉक्टरांच्या निर्णयात मी काय बोलणार?"

"तू आठवीतही हेच म्हणायचास. मला काय येतंय, टीचर."

बसवप्रभुंना बोलावलं. मी सरळ सांगितलं: उद्या करणार असाल तर करा, नाहीतर मी आत्ता पेशंट घरी नेते. डॉक्टर म्हणाले, मुख्य नळी नव्वद टक्के बंद आहे, घरी नेलंत तर पायरी चढताना जीव जाईल. मी म्हटलं, मग करा. ते म्हणाले, केलं तर किडनी जाऊ शकते. मी म्हटलं, तुम्ही डॉक्टर आहात की ज्योतिषी?

"मॅडम, तुम्ही मला दोन विहिरींच्या मधे उभं करायलाव," ते म्हणाले. चिडला, की या माणसाची बोली बाहेर येते, हे मी टिपून ठेवलं.

संध्याकाळी पुन्हा रक्त तपासलं. आकडा थोडा खाली आला होता. मी म्हटलंच होतं. 'थोडा आलाय, पुरेसा नाही,' असं ते पुटपुटले, पण दुसऱ्या दिवशीच्या यादीत नाव घातलं. धोका काय, हे मला, धनराजला आणि दीपमालाला तीनतीनदा सांगितलं, मराठीत, कानडीत आणि हिंदीत. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर कॅटेकिझमची धर्मप्रश्नोत्तरं घोकून घेत, त्याहून कंटाळवाणं.

दीपमाला बाहेर येऊन म्हणाली, "नको, अक्का. थांबू. मला भ्याव वाटायलंय."

"तुला झुरळाचंही वाटतं."

"झुरळानं माणूस मरत न्हाई, अक्का."

करजगीच्या शेतकऱ्याची पोर, सातवी पास. भीमेच्या काठचं पाणी, उलट उत्तर तयारच. पस्तीस वर्षं मी हे ऐकते आहे. धनराजला विचारलं. त्याने आधी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"अक्का म्हणती तसं," तो म्हणाला, आणि सही केली.

१८ डिसेंबर, बुधवार

ऑपरेशन झालं. चार नळ्या जोडल्या. हृदय उत्तम चालतंय, असं स्वतः बसवप्रभुंनी सांगितलं. मी फक्त "बघा" म्हटलं. ते पुढच्या पेशंटकडे वळले. पराभव मान्य करायलाही शाळा लागते.

२० डिसेंबर, शुक्रवार

लघवी कमी होते आहे, असं काल म्हणाले. आज म्हणतात, जवळजवळ बंद झाली. धनराजचं तोंड सुजलंय. डोळे फटीएवढे राहिलेत. हातावर बोट दाबलं की खळी पडते आणि तशीच राहते. आयसीयूत एका वेळी एकालाच सोडतात. मी गेले, तेव्हा तो म्हणाला, "अक्का, तहान लागायलीय." नर्सने सांगितलं, पाणी मोजून द्यायचं, शरीरातून बाहेर जात नाहीये.

माझ्यानंतर दीपमाला आत गेली. मी काचेतून पाहिलं. ती ओल्या कापसाने त्याचे ओठ पुसत होती आणि तो कापूस चोखत होता, वासरासारखा. मी आत शिरून तिच्या हातातून तो काढून घेतला. नर्स ओरडली, दोघी कशा आत आलात? मी म्हटलं, नियम मोडणारी ही, नियम पाळणारी मी, आता तूच ठरव. पाणी मोजायला सांगितलं म्हणजे कापसातलंही मोजायचं. शिस्त म्हणजे शिस्त.

धनराजने डोळे मिटून घेतले. गुंगीत असावा.

२१ डिसेंबर, शनिवार

डायलिसिस सुरू केलं. मानेत नळी घातली. त्या नळीतून रक्त बाहेर जातं, यंत्रातून गाळून परत येतं. एक-दोन दिवसांआड करावं लागेल.

मी बसवप्रभुंना कॉरिडॉरमध्येच अडवलं. "हृदय दुरुस्त करायला दिलं होतं. किडनी कुणी मागितली होती?"

आजूबाजूचे नातेवाईक बघत होते. डॉक्टर हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, यालाच मी भीत होतो. मंगळवारी बोललो होतो."

"भीत होतात, तर केलंत कशाला?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग दीपमालाकडे वळून म्हणाले, "ताई, अशी बसलेली किडनी बऱ्याचदा परत उठते. दोन-तीन आठवडे लागतात. तोवर आपल्याला त्यांना सांभाळायचंय. घाई करायची नाही." माझ्या प्रश्नाला उत्तर दिलं नाही, हे नोंदवून ठेवते. आणि बोलायचं माझ्याशी, तर ते तिच्याशी का बोलले, हेही.

दीपमाला बाकावर बसून रडत होती. फरशी पुसणारी बाई तिला म्हणाली, "रो नक्को, अम्मा. मेरे भाई का भी उठा था." घ्या. आता फरशी पुसणारी भविष्य सांगते, आणि माझी भावजय डोळे पुसून तिच्याकडे धन्वंतरीकडे पाहावं तसं पाहते.

२४ डिसेंबर, मंगळवार

आयसीयूतून खोलीत आणलं. स्नेहा नावाची एक पोरगी आली, आहारतज्ज्ञ. वय असेल तेवीस. डाळी बंद, हिरव्या भाज्या बंद, फळं, नारळपाणी, ताक सगळं बंद. का? तर त्यात पोटॅशियम असतं, आणि किडनी ते बाहेर टाकत नाही. "जास्त झालं तर हृदय एकाएकी थांबू शकतं, आजी."

भाजीने हृदय थांबतं म्हणे. मग आमच्या मुडबीत एक माणूस उरला नसता. आणि मी हिची आजी नाही.

दीपमालाने सगळं तिच्याकडून दोनदा ऐकून घेतलं आणि पाठ म्हणून दाखवलं. दिवसभर तेच पुटपुटत होती. हरभरा न्हाई, तूर न्हाई, पालक न्हाई, ताक न्हाई. मी म्हटलं, श्रीसूक्त म्हण त्यापेक्षा.

२७ डिसेंबर, शुक्रवार

लघवी सुरू झाली. पिशवीत थोडीशी, पण झाली. नर्सने ती पिशवी अशी उचलून दाखवली, की जणू बाळ झालंय. दीपमालाने तिचे हात धरले. बसवप्रभुही हसले, पहिल्यांदाच. म्हणाले, "जागी होतीय. आणखी आठ-दहा दिवस डायलिसिसचा आधार दिला, की बहुतेक सुटेल. सुटेल असं वाटायलंय."

धनराज उशीला टेकून बसला होता. सूज उतरलीय, पुन्हा माणसासारखा दिसतोय. म्हणाला, "अक्का, दुकान उघडलं का गं कामावरच्या पोरांनी?" मी म्हटलं, दुकानाचं सोड, सोमवारची तयारी कर. तो म्हणाला, "सोमवारी काय?"

वडिलांचा एकुलता मुलगा, आणि विचारतो सोमवारी काय.

२९ डिसेंबर, रविवार

सगळे एकीकडे आणि मी एकीकडे. हे नेहमीचंच.

बसवप्रभु हैदराबादला लग्नाला जायच्या गडबडीत होते. मी एका दिवसाची सुटी मागितली. सकाळी नेते, संध्याकाळी आणते, मुडबी दीड तासावर आहे. माणूस साफ नाही म्हणाला. काल डायलिसिस झालं, उद्याचं चुकवायचं नाही, बाहेरचं अन्न नाही, टाके कच्चे आहेत, रस्ता खराब आहे. मी म्हटलं, लघवी होते आहे हे तुम्हीच सांगितलंत, मग उद्याचं परवा करा. ते म्हणाले, "किडनी नुसती कूस बदलायलीय, मॅडम. उठलेली न्हाई." पुन्हा बोली.

मी तिप्पण्णाकडे गेले. तो म्हणाला, "टीचर, असं करू नका. मी तुमचा मुलगा असतो, तरी हेच सांगितलं असतं."

"माझा मुलगा असतास तर पास झाला असतास."

शेवटी काय, पेशंटने स्वतःच्या जबाबदारीवर जातो म्हटलं, तर कुणी बांधून ठेवू शकत नाही. धनराजसमोर कागद ठेवला. दीपमालाने त्याचा हात धरला.

"नगा ओ. अंकुशभाऊ करायलेत की पूजा. जीव राहिला तर पुढच्या साली करा. अक्का, तुमच्या पाया पडते, नगा नेऊ."

आणि खरंच पडली. खोलीत, बाजूच्या पेशंटसमोर. या बाईला तमाशाची हौस आहे. मी पाय मागे घेतले. म्हटलं, "ऊठ. तुझ्या बापाचं वावर नाही ते."

धनराजने हात सोडवून पेन उचललं. मग म्हणाला, "अक्काला न्हाई म्हणायची मला सवय न्हाई, माला." सही केली. तो तिला माला म्हणतो, हे मला आज कळलं.

३० डिसेंबर, सोमवार. मुडबी, वावरात

दुपारचे चार वाजलेत. कोपीच्या सावलीत बसून लिहिते आहे. मन भरून आलंय, आणि मला हे वाक्य लिहायची वेळ फार कमी येते.

धनराजला खुर्चीवर बसवून बांधावरून आत आणलं, तेव्हा अख्खं शिवार पाहत होतं. अंकुशराव पळत आला, चेहरा पडलेला. "अण्णा, तुमी कामून आलाव? सुधाक्का, तुमी कामून आणलाव?" त्याने पाट मांडूनच ठेवला होता, कितीही नावानं-नावानं म्हटलं तरी. मी त्याला बाजूला व्हायला सांगितलं. तो झाला. धनराजने बसल्या जागेवरून पाची पांडवांना कुंकू लावलं. आंबीलीचं मडकं त्याला उचलवेना, म्हणून अंकुशरावाने ते त्याच्यापुढे धरलं आणि धनराजने ज्वारीच्या धाटाने शिंपली. गाव म्हणालं, धनूच्याच हातची झाली. मी सगळ्यांच्या तोंडाकडे पाहत होते. एकही शब्द मला चुकवायचा नव्हता.

मग जेवण. येळवसीला वावरात आलेल्या माणसाने नाही म्हणायचं नसतं, हे पोरालाही कळतं. प्रत्येक कोपीतून एक बाई येत होती. मरणाच्या दारातून आलेला माणूस, सगळ्यांना आपल्या हातची भज्जी त्याच्या ताटात घालायची होती. हिरवे हरभरे, तुरीचे दाणे, वाटाणा, वाल, चुका, मेथी, सगळं बेसनात शिजवलेलं. वर गाडगंभर आंबील.

दीपमालाने वेगळा डबा आणला होता, भात आणि दुधी. तिने ताट मागे ओढलं. "चालत न्हाई यान्ला. डॉक्टरनं बंद केलंय." बायका तिच्याकडे बघायला लागल्या. एक म्हातारी म्हणाली, "आमच्या हातचं चालत न्हाई व्हय गं? करजगीच्या हातचंच चालतंय?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वर्षभर गावात हेच बोललं गेलं असतं, की पूजा केली आणि गावाचा घास नाकारला. असल्या पूजेला काय अर्थ?

मी ताट परत पुढे सारलं. "एवढ्या-तेवढ्यानं काही होत नाही. खा रे."

तिने पुन्हा ओढलं. थोडी सांडली. मी तिला म्हटलं, पाणी आण जा विहिरीवरून. ती जाईना. मी पुन्हा सांगितलं, शाळेत सांगायचे त्या आवाजात. मग गेली.

आणि तो जेवला. दवाखान्यात दोन आठवडे तोंड वाकडं करणारा माझा भाऊ बघता बघता दोन वाट्या भज्जी खाऊन गेला, वर पेलाभर आंबील मागून घेतली. तहान तहान करत होता ना. मी विचारलं, कशी लागली? म्हणाला, "आईच्या हातची आठवली." त्या स्नेहाला बोलावून दाखवायला हवं होतं.

आता खाटेवर पडलाय. मघाशी म्हणाला, पाय जड वाटायलेत, जीभ बधिर झाल्यासारखी. इतक्या दिवसांनी पोटभर जेवला, सुस्ती येणारच. दीपमाला त्याचे तळवे चोळत बसली आहे आणि सारखी विचारते आहे, गाडी काढायला सांगू का, अक्का, निघू का? गाव अजून जेवणावरून उठलेलं नाही. सगळ्यांच्या देखत आपणच आधी निघणं बरं दिसत नाही. ऊन उतरलं, की निघू.

२ जानेवारी २०२५, गुरुवार

धनराज गेला. कमलापूरच्या अलीकडे, गाडीत. मी पुढे बसले होते. मागून दीपमाला म्हणाली, "अक्का, हे बोलंनात." मी मागे वळून पाहिलं नाही. म्हटलं, झोपला असेल.

मुडबीच्या वावरात दहन केलं. कोप अजून उभी होती. मुलगा नाही, म्हणून अग्नी अंकुशरावाने दिला. तो लहान मुलासारखा रडत होता. मी रडले नाही, आणि बायकांनी ते पाहिलं.

९ जानेवारी, गुरुवार

दहावा काल झाला. आज कलबुर्गीला जाऊन बसवप्रभुंना भेटले. या हॉस्पिटलला मी सोडणार नाही, हे त्यांच्या तोंडावर सांगायचं होतं. मुद्दे मनात तयार होते. घाईत ऑपरेशन केलं. किडनी घालवली. अर्धवट बरा झालेला पेशंट बाहेर जाऊ दिला.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. चहा मागवला. मी घेतला नाही.

"त्या दिवशी काय खाल्लं त्यांनी?" त्यांनी विचारलं.

"सणाचं जेवण. सगळ्यांनी खाल्लं. मीही खाल्लं."

त्यांनी चहाचा कप बाजूला सारला. मग म्हणाले, "रविवारी रात्री त्यांची लघवी त्या आठवड्यात सगळ्यात जास्त झाली होती. मला फोन आला होता लग्नात. मी बायकोला म्हणालो, धनराज वाचला."

मी म्हटलं, हे तुम्ही मला आता का सांगता?

"तुम्ही विचारलंत म्हणून, मॅडम."

मी काहीच विचारलं नव्हतं. तक्रार करायला गेले होते. तिप्पण्णा दारापर्यंत सोडायला आला, टीचर म्हणाला नाही. अम्मा म्हणाला. मला ते मुळीच आवडलं नाही.

१२ जानेवारी, रविवार

काल तेरावा झाला. मंडळी पांगली. दीपमाला आज सकाळी भावासोबत करजगीला गेली, मला न विचारता. जाण्याआधी अंकुशरावाला म्हणाली, "भाऊ, वावर तुमीच पेरा. मला त्याच्याकडं बघवत न्हाई." झालं. एका वाक्यात. माझ्याशी बोलली नाही. पायाही पडली नाही.

बीदरमधल्या मैलूरच्या या घरात मी एकटी आहे. हॉस्पिटलला पत्र लिहायला बसले होते. मायना लिहिला आणि हात पुढे जाईना. ज्याला विचारायचं, त्यालाच विचारावं. उद्या रजिस्टर पोस्टाने हे पाठवते:

दीपमाला,

मी या पत्रात रडगाणं लावणार नाही, आणि तूही लावू नयेस.

डॉक्टरांनी थांबा म्हटलं, तेव्हा तू तिथे होतीस. सही केली, तेव्हा तू तिथे होतीस. वावरात खाटेच्या कडेला तूच होतीस. कायद्याने आणि धर्माने पहिला हक्क तुझा, मी फक्त बहीण. त्या स्नेहाचं सगळं तुला पाठ होतं. मला नव्हतं. मला ते ऐकून घ्यायचंच नव्हतं, हे तुला दिसत होतं.

मी मोठ्याने बोलते. पस्तीस वर्षं तुला हे माहीत आहे. धनराज मला नाही म्हणत नाही, हेही माहीत आहे. मग तू माझ्याहून मोठ्याने का बोलली नाहीस? हळू आवाजात 'नगा, अक्का' म्हणणं म्हणजे अडवणं नव्हे. पाया पडणं म्हणजे अडवणं नव्हे. माझा हात पिरगळायचा होतास. ताट मातीत पालथं घालायचं होतंस. मी विहिरीवर जा म्हटलं, तर तू का गेलीस? एका आवाजासरशी का गेलीस? मी शाळेत शेकडो पोरांवर तो आवाज वापरला. एखादं पोर उभंच राहायचं, हलायचं नाही, आणि मग मी गप्प बसायची. तुला हे कुणी सांगितलं नाही का?

तू ताट तिसऱ्यांदा ओढलं असतंस, तर मी सोडलं असतं. मला वाटतं, सोडलं असतं.

तू मला का अडवलं नाहीस, याचं उत्तर मला लेखी हवं आहे. फोन करू नकोस. भावाकडून लिहवून घेऊ नकोस. चुका झाल्या तरी चालतील, पण अक्षर तुझं पाहिजे. सोमवार, २० जानेवारी २०२५, संध्याकाळी पाच वाजण्याच्या आत ते मैलूरच्या पत्त्यावर माझ्या हातात पोहोचलं पाहिजे.

सुधारानी